दोरी, ओळंबा आणि पोलो: घरच्या पार्किंगमध्ये व्हील अलाइनमेंट कशी करायची

आधीच सांगतो, यात पाना फिरवायचं काम फार तर वीस मिनिटांचं आहे, बाकी अख्खा रविवार मोजण्यात जातो. ज्याला मोजायचा कंटाळा आहे त्याने सरळ दुकानात जावं, खरंच. पण ज्याच्याकडे जरा बऱ्यापैकी पळणारी गाडी आहे आणि ती स्वतःला हवी तशी सेट करायची हौस आहे त्याने एकदा तरी हे करून बघावं, कारण दुकानातल्या मशीनला फक्त कंपनीची रेंज माहीत असते आणि ती रेंज चांगली ऐसपैस असते. डावं चाक रेंजच्या एका टोकाला, उजवं दुसऱ्या टोकाला, तरी दोन्ही आकडे हिरवे, घ्या प्रिंट आणि निघा.

माझी गाडी पोलो जीटी टीएसआय, पहिल्यातली, १.२ लिटर, १०५ पीएस वाली. आपल्याकडे ही २०१३ ला आली. पुढे कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर) आणि वर कॅम्बर प्लेट टाकलेल्या आहेत. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर एक ट्रॅक डे करून आलो (२.१ किमीचा छोटा ट्रॅक आहे, पण टायरची परीक्षा घेतो) आणि घरी येऊन बघतो तर पुढच्या दोन्ही टायरचे बाहेरचे खांदे सोलून निघालेले, आतली बाजू जशीच्या तशी. म्हणजे वळणात गाडी बाहेरच्या कडेवर कलंडत होती, कॅम्बर कमी पडत होता. दुकानात गेलो आणि दोन्हीकडे उणे दोन अंश कॅम्बर आणि टो शून्य करून द्या म्हटलं, तर तिथला पोरगा म्हणाला असं करत नाही साहेब, मशीन लाल दाखवेल. कसंबसं केलं, तेही एकाच बाजूचा टाय रॉड (स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी दांडी) फिरवून, त्यामुळे सरळ रस्त्यावर स्टेअरिंग घड्याळात अकराला. त्या दिवशी ठरवलं की आता आपणच.

कॅम्बर, टो हे शब्द ज्यांना नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडीसमोर उभं राहून बघितलं तर चाकाचा वरचा भाग इंजिनाकडे झुकलाय की बाहेर, तो कॅम्बर, आत झुकला की उणे. वरून बघितलं तर चाकांचे पुढचे टोक एकमेकांकडे वळलेत की लांब, तो टो. आपण पाय जुळवून उभे राहिलो आणि अंगठे आत वळवले की टो-इन, बाहेर फाकवले की टो-आउट. तिसरा कॅस्टर, तो पोलोत सहज बदलता येत नाही म्हणून त्याच्या नादी लागत नाही. आणि एक गैरसमज, कॅम्बरमुळे टायर खातो असं सगळे म्हणतात. कॅम्बर झीज एका कडेला ढकलतो हे खरं, पण टायर खरा खातो तो चुकीचा टो, कारण तिरकं चाक रस्त्यावर प्रत्येक मीटरला थोडं थोडं घासत जातं. दोन्ही एकत्र चुकले की मग आतली कड महिनाभरात साफ.

सामानाची यादी ऐकून हसाल. गवंड्याकडे असतं तेच सगळं: लाईनदोरी, ओळंबा, लेव्हलची पारदर्शक पाण्याची नळी, स्टीलची पट्टी. त्यात अर्धा मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी मिळाली तर उत्तम. शिवाय चार जॅक स्टँड, एक चांगला ट्रॉली जॅक, दोन सरळ पाईप गाडीच्या रुंदीपेक्षा हातभर जास्त लांब, घरातल्या फरशीच्या कामातून उरलेल्या आठ व्हिट्रिफाइड टाइल, ग्रीस, खडू, व्हाइटनर, आणि एक डिजिटल अँगल गेज, जो सुताराच्या सामानात मिळतो. गेज नसेल तर ओळंब्यानेही कॅम्बर काढता येतो, पुढे सांगतो. दोरी मात्र नायलॉनची बारीक घ्या, सुताची नको, ती सैल पडते आणि वाऱ्याने हलते. मी मासे पकडायची तंगूस वापरतो, फक्त ती दिसत नाही आणि दर वेळी मीच तिच्यात अडकतो.

सुरुवात करायच्या आधी गाडीची तब्येत बघा. चाक उचलून तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा, तिथे खटखट वाजलं तर टाय रॉड एंड किंवा रॅक (स्टेअरिंग फिरवलं की डावीउजवीकडे सरकणारा दांडा), बारा आणि सहाला वाजलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. लोअर आर्मचे बुश फाटलेत का टॉर्च मारून बघा. यातलं काही सैल असेल तर ते आधी बदला, सैल गाडीची अलाइनमेंट म्हणजे पाण्यावर रेघ. टायरमधली हवा थंड असताना चारी चाकांत सांगितल्याप्रमाणे करा, डिक्कीतला पसारा काढा, पेट्रोल अर्धी टाकी. आणि ड्रायव्हर सीटवर तुमच्या वजनाइतकं काहीतरी ठेवा, मी पाण्याचे २० लिटरचे जार ठेवतो, तीन जार म्हणजे साधारण ६० किलो, बेल्ट लावायचा आणि झाकणं घट्ट आहेत ना ते दोनदा बघायचं (हे मी एकदाच बघितलं होतं, सीट वाळायला चार दिवस लागले).

आता जमीन. सोसायटीचं पार्किंग डोळ्याला सपाट दिसतं पण पाणी वाहून जावं म्हणून त्याला मुद्दाम उतार दिलेला असतो. पुढच्या दोन चाकांमध्ये अंतर साधारण दीड मीटर, तिथे एक सेंटिमीटर उतार असला तरी कॅम्बर जवळजवळ ०.४ अंशाने फसवतो, एका बाजूला जास्त दाखवतो, दुसऱ्या बाजूला कमी, आणि तुम्ही बसता निष्कारण प्लेट सरकवत. म्हणून गाडी जिथे उभी करायची तिथे चारी चाकांच्या जागा खडूने आखा, गाडी बाजूला घ्या, आणि पाण्याच्या नळीने चारी जागांची पातळी काढा. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर सगळं मुसळ केरात. जी जागा सगळ्यात उंच ती शून्य, बाकीच्या तीन जागी जाड-पातळ फरशीचे तुकडे, प्लायचे तुकडे ठेवून एका पातळीत आणा. कुठे किती लागले ते जमिनीवरच ऑइल पेंटने लिहून ठेवलं की पुढच्या वेळी हे काम पाच मिनिटांत. आमच्या सेक्रेटरींना त्या खुणा आवडल्या नाहीत, पण ते वेगळं प्रकरण.

मग गाडी परत जागेवर आणून एकेक कोपरा जॅकने उचलायचा आणि प्रत्येक चाकाखाली दोन टाइल, चकचकीत बाजू एकमेकींकडे, मध्ये भरपूर ग्रीस. हे कशासाठी, तर गाडी जॅकवरून खाली येते तेव्हा चाकं थोडी बाहेर सरकायला बघतात आणि टायर जमिनीला चिकटलेला असल्यामुळे सरकू शकत नाहीत, सस्पेन्शन अवघडून बसतं आणि तुमचे सगळे आकडे खोटे येतात. ग्रीसवर चाक आपोआप मोकळं होतं. शिवाय टाय रॉड फिरवल्यावर चाक लगेच वळतं, गाडी पुढेमागे करावी लागत नाही. खालची टाइल ठेवण्याआधी वाळूचा कण न् कण झाडून घ्या, माझी पहिली टाइल खडा राहिला म्हणून फाटकन तडकली. पण आता गाडी अक्षरशः लोण्यावर उभी आहे हे विसरू नका. त्यामुळे काम पुढच्या चाकांचं चालू असताना मागच्या वरच्या टाइल खालच्या टाइलला पॅकिंग टेपने बांधून टाका, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात. आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही म्हणजे नाही.

चाक हवेत आहे तोवर अजून एक काम उरकून घ्या. आपल्याकडचे खड्डे बघता रिम थोडी तरी वाकलेली असणारच. एका जॅक स्टँडवर काडी टेकवून रिमच्या कडेपासून केसभर लांब ठेवा, चाक हाताने फिरवा, काडी आणि रिममधलं अंतर कुठे वाढतं, कुठे कमी होतं ते दिसेल. रिमवर समोरासमोरच्या अशा दोन जागा शोधा जिथे हे अंतर अगदी सारखं आहे, तिथे खडूने खूण करा आणि चाक खाली ठेवताना या दोन खुणा आडव्या राहतील, म्हणजे एक पुढे एक मागे, असं ठेवा. टो आपण याच दोन जागी मोजणार, त्यामुळे वाकलेल्या रिमचा प्रश्नच मिटला. कॅम्बरमध्ये थोडा फरक राहतो, एक मिलिमीटर वाकलेली असेल तर ०.१४ अंश, तेवढं चालवून घ्या. जास्त असेल तर आधी रिम सरळ करून आणा.

सगळी चाकं खाली आली की बॉनेट आणि डिक्की चांगली दाबून सोडा, पाचसहा वेळा, म्हणजे स्प्रिंग आपल्या जागेवर बसतात. स्टेअरिंग मध्यावर आणा. नुसतं डोळ्याने सरळ दिसतंय म्हणून मध्य धरू नका, विशेषतः कोणी आधी घोळ करून ठेवला असेल तर. हे गाडी टाइलवर चढवण्याआधीच, चाकं जमिनीवर असताना करून ठेवायचं: इंजिन चालू करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा आणि निम्म्यावर या. तिथे स्टेअरिंग सरळ आलं तर ठीक, नाहीतर तो फरक दोन्ही टाय रॉडने काढायचा, स्टेअरिंग उपटून दाते बदलून बसवायचं नाही, त्यात एअरबॅग असते. मध्य सापडला की स्टेअरिंग दोरीने सीटला दोन्ही बाजूंनी ताणून बांधून टाका.

आता दोरी. दोन्ही पाईप एकत्र धरून एकाच वेळी हॅकसॉने खाचा पाडा, दोन्ही टोकांना, म्हणजे दोन्ही पाईपवर खाचांमधलं अंतर तंतोतंत सारखं येतं. हे अंतर गाडीच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे पाच-सहा सेंटिमीटर जास्त ठेवा. एक पाईप गाडीच्या पुढे, एक मागे, जॅक स्टँडवर, उंची चाकाच्या मध्याइतकी. खाचांतून डावीकडे एक, उजवीकडे एक दोरी ताणून बांधली की दोन समांतर रेषा तयार, त्या समांतर आहेत का हे परत परत बघावं लागत नाही कारण खाचाच सारख्या आहेत. आमचे वॉचमन काका पहिल्यांदा बघून म्हणाले, "अहो साहेब, वटपौर्णिमा कधीच झाली, तुम्ही गाडीला काय दोरा गुंडाळताय?" आता त्यांनाच सवय झालीय, दोरीचं दुसरं टोक तेच धरतात.

दोऱ्या समांतर आहेत पण गाडीच्या मधोमध आहेत का? पुढच्या डाव्या चाकाच्या हबच्या मध्यापासून दोरीपर्यंतचं अंतर आणि उजव्याचं अंतर सारखं यायला हवं, तसंच मागे डावं-उजवं सारखं. पुढचं आणि मागचं एकमेकांसारखं असायची गरज नाही, कारण पुढच्या चाकांमधली रुंदी आणि मागची रुंदी वेगळी असू शकते. इथे लोक हमखास चुकतात, चारी हबपासून अंतर सारखं करायला जातात आणि दोरीच तिरकी करून बसतात. पाईप थोडा थोडा सरकवत राहा, पुढचा सरकवला की मागचं बिघडतं, तीनचार फेऱ्यांत जमतं. यानंतर गाडीला किंवा दोरीला कोणी धक्का लावला तर परत पहिल्यापासून, त्यामुळे पोरांना आणि मांजरांना लांब ठेवा.

पहिलं मोजमाप मागच्या चाकांचं. पट्टी दोरीला काटकोनात धरून दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेचं अंतर घ्या, मग मागच्या कडेचं. पुढचं वजा मागचं. उत्तर अधिक आलं तर टो-इन, उणे आलं तर टो-आउट. डोळा दोरीच्या समोर आणा, तिरकं बघितलं की मिलिमीटर कुठल्या कुठे जातो. पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई) आहे, तिथे फिरवायला काही नट नाही, हवं असल्यास पाचरीसारख्या शिम घालतात पण घरगुती माणसाने त्यात पडू नये. मग मोजायचं कशाला? कारण मागची दोन चाकं जिकडे ढकलतात तिकडे गाडी जाते. समजा मागे डावीकडे १ मिमी टो-इन आहे आणि उजवीकडे २, तर मागचा एक्सल अर्धा मिलिमीटर तिरका ढकलतोय आणि पुढे तुम्ही कितीही अचूक केलंत तरी स्टेअरिंग थोडं वाकडंच राहणार. मागचं सरळ करता येत नसेल तर दोरी मागच्याला जुळवायची: पुढचा पाईप किंचित बाजूला सरकवा, मागची दोन्ही चाकं दोरीपासून सारखा टो दाखवेपर्यंत. या उदाहरणात तो जेमतेम पाच मिलिमीटर सरकेल. आता दोरी गाडीच्या सांगाड्याची नाही, गाडी प्रत्यक्षात जिकडे धावते त्या दिशेची झाली. ही युक्ती कळायच्या आधी मी दोन रविवार वाया घालवलेत.

मग पुढचा कॅम्बर. टोच्या आधी कॅम्बरच, कारण कॅम्बर हलवला की टो बदलतोच. एक चौकोनी लोखंडी पाईप रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकेल एवढा कापा, टायर मध्ये येऊ नये म्हणून दोन टोकांना बोल्ट लावा, त्यावर गेज चिकटवा. पाईप लोखंडीच घ्या, गेजला चुंबक असतं, मी आधी ॲल्युमिनियमचा छान पॉलिश करून आणला आणि गेज खाली पडला. ओळंब्याने करायचं तर मडगार्डवरून ओळंबा सोडा आणि ओळंब्याच्या दोरीपासून रिमच्या वरच्या कडेचं आणि खालच्या कडेचं अंतर बघा. १५ इंची रिमची बाहेरची कड ते कड साधारण ४१५ मिमी भरते, तिथे वर-खाली ७ मिमी फरक म्हणजे जवळजवळ एक अंश. वरचं अंतर जास्त असेल तर कॅम्बर उणे.

कॅम्बर प्लेट असेल तर बॉनेट उघडून वरचे बोल्ट सैल करायचे, स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचा उभा खांब) इंजिनाकडे सरकवला की कॅम्बर उणे होतो. बोल्ट सैल करताना त्या कोपऱ्याचं वजन जॅकने थोडं उचलून धरा. दोन्ही बाजूंच्या प्लेटवरचे आकडे सारखे केले म्हणजे कॅम्बर सारखा झाला असं समजू नका, माझ्या गाडीत दोन खुणांचा फरक ठेवला तेव्हा दोन्हीकडे सारखं आलं. स्विफ्टसारख्या गाड्यांत स्ट्रट खाली हबला दोन बोल्टने जोडलेला असतो, तिथे एक बोल्ट बदलून कॅम जडवलेला बोल्ट टाकता येतो, स्वस्तात थोडा कॅम्बर मिळतो. यातलं काहीच नसेल तर कॅम्बर मोजून नोंद करा आणि पुढे चला.

आकडे किती ठेवायचे? रोज ऑफिसला नेणारी आणि अधूनमधून घाटात पळणारी गाडी असेल तर उणे १ ते उणे १.५ कॅम्बर आणि टो शून्य किंवा दोन्ही मिळून १ मिमी टो-इन, यात गाडी सरळही जाते आणि वळतेही. मी ट्रॅकला जातो म्हणून उणे २ आणि टो शून्य. फक्त ट्रॅकसाठी लोक उणे २.५ च्या पुढे जातात आणि एकूण १-२ मिमी टो-आउट ठेवतात, त्याने गाडी वळणात पटकन नाक घालते, पण तेच हायवेवर घेऊन गेलात तर गाडी प्रत्येक चाकोरीच्या मागे धावते, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं, टायरची आतली कड जाते ती वेगळीच. दोन्ही बाजू सारख्या असणं हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

शेवटी पुढचा टो. टाय रॉडचे आटे आदल्या दिवशीच तारेच्या ब्रशने साफ करून तेल मारून ठेवा. लॉक नट सोडताना टाय रॉड एंडला दुसरा पाना लावून धरा, नाहीतर सगळा ताण बॉल जॉइंटवर जातो. रॅकच्या रबरी बुटाची छोटी क्लिप सैल करा, नाहीतर रॉडबरोबर बूट पिळवटतो आणि फाटतो, मग त्यात धूळ गेली की रॅकचा खर्च. रॉडवर व्हाइटनरने रेघ मारा म्हणजे किती फिरवला ते कळतं. पोलोत रॅक एक्सलच्या मागे आहे, म्हणून टाय रॉड लांब केला की चाकाची मागची बाजू बाहेर जाते, म्हणजे टो-इन वाढतो. ज्या गाडीत रॅक एक्सलच्या पुढे असतो तिथे बरोबर उलट. माझ्या गाडीला पाव फेरा दिला की त्या चाकाचा टो एक-सव्वा मिलिमीटर बदलतो, तुमचा तुम्ही एकदा मोजून घ्या आणि मग त्या हिशोबाने फिरवा. प्रत्येक चाक वेगळं, दोरीपासून. १५ इंची रिमवर १ मिमी म्हणजे साधारण ८ मिनिटं (कोनाची, साठ मिनिटांचा एक अंश), हे लक्षात ठेवलं की दुकानाच्या प्रिंटशी ताडून बघता येतं.

लॉक नट घट्ट करताना रॉड थोडा फिरतो आणि टो बदलतो, त्यामुळे आवळल्यावर परत मोजायचंच. मी प्रत्येक आकडा तीनदा घेतो, मध्ये बॉनेट दाबून. तिन्ही वेळा अर्ध्या मिलिमीटरच्या आत आले तर विश्वास ठेवायचा, नाहीतर काहीतरी हललंय, बहुतेक वेळा दोरी बॉडीला कुठेतरी टेकलेली असते. मोजमापच भरवशाचं नसेल तर पान्याला हात लावू नका.

नट आवळलेत, बुटाच्या क्लिपा बसवल्यात, कॅम्बर प्लेटचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळलेत, टाइल काढल्यात, की मोकळ्या रस्त्यावर चक्कर. आपण डावीकडून चालवतो आणि रस्त्याचा उतार डावीकडे असतो, त्यामुळे गाडी हलकेच डावीकडे जाणारच, लगेच घाबरून परत दोरी काढू नका. शक्य तितक्या सपाट रस्त्यावर बघा. तिथेही ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला (बाणवाले एकदिशा टायर असतील तर हे सोडा), ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. स्टेअरिंग जरासं तिरकं असेल तर एक टाय रॉड जितका लांब करू तितकाच दुसरा आखूड, एकूण टो तसाच राहतो. ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टेअरिंगचा मध्य बदलला तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागू शकतो, तेव्हा व्हीसीडीएससारख्या स्कॅनरने स्टेअरिंग अँगल सेन्सर, फोक्सवॅगनच्या भाषेत जी८५, शून्यावर सेट करावा लागतो. ज्याच्याकडे स्कॅनर आहे असा मित्र आधीच गाठून ठेवा, रविवारी संध्याकाळी कोणी फोन उचलत नाही.

पाचेकशे किलोमीटरनंतर लॉक नट आणि वरच्या प्लेटचे बोल्ट परत एकदा तपासा, आणि टायरवर हात फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो अजून चुकलेला आहे. माझ्या डाव्या टायरला तसं लागलं होतं, परत दोरी बांधली तर डावीकडे दीड मिलिमीटर टो-आउट निघाला, लॉक नट आवळल्यावर मोजायचा मीच कंटाळा केला होता.